एक दशांश

२ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पेपरात वाचलं असशीलच, तरी मी स्वतः कळवल्याशिवाय मला चैन पडायची नाही. आपल्या थंडोबाला तो मोठा पुरस्कार मिळाला. बाहेर लोक त्याला आता लांबलचक पदव्या लावून बोलवतात, पण वर्कशॉपमध्ये तो थंडोबाच. जन्मभर वस्तू गार करत बसलेल्या आणि स्वतःचा चहाही गार झाल्याशिवाय तोंडाला न लावणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार.

संस्थेत नुसती लगीनघाई चालली आहे. समारंभ सव्वीस तारखेला मोठ्या सभागृहात. परदेशातून पुरस्काराची समिती येणार म्हणून संचालकांनी व्हरांडा रंगवायला काढला. खुर्च्या घासून भिंतीवर पडलेले काळे पट्टे वीस वर्षांत पहिल्यांदा दिसेनासे झाले. परवा आस्थापना विभागातल्या बाई माझ्याकडे आल्या, हळूच म्हणाल्या की त्यांनी नक्की काय शोधलं ते एकदा सांगा, घरी विचारतात. मी सांगितलं, उष्णता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातेच, ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही. थंडोबाच्या स्फटिकात मात्र ठराविक थंडी आली की ती एकदम अडते, दार लावल्यासारखी. बाई म्हणाल्या, एवढंच? म्हटलं, एवढंच. जरा हिरमुसल्या.

माझ्या मानेवर दोन कामं आहेत. एक म्हणजे दर्शनी भिंतीवर लावायला तो आकडा पितळेत कापायचा, दोन पूर्णांक तीन. ज्या तापमानाला ते दार लागतं ते, निरपेक्ष शून्यापासून मोजलेलं. दुसरं, तुम्ही दोघांनी ज्यात तो स्फटिक पहिल्यांदा गार केलात ते दुहेरी भिंतीचं उंच भांडं, आपण ज्याला रांजण म्हणायचो, ते तळघरातून वर काढून काचेच्या पेटीत ठेवायचं. सोबत तेव्हाच्या नोंदवह्या मांडायच्या आहेत. नऊ होत्या, आठ सापडल्या. तिसरी नाही, आणि नेमकी त्या दिवसाची नोंद तिच्यातच. तुला काही आठवतं का?

आणि गौरव अंकासाठी दोन शब्द लिहून पाठव. तू अचानक निघून गेलीस त्याला एकवीस वर्षं झाली, आता कोणी काही विचारणार नाही. शोधनिबंधावर एकट्याचंच नाव आहे हे मला अजून खटकतं, पण त्या दिवशी त्या खोलीत दोन माणसं होती हे जुन्यांना ठाऊक आहे. जमलं तर समारंभालाच ये.

आत्याला नमस्कार सांग. तिचा गुडघा कसा आहे?

तुझा,
दादा


७ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बातमी वाचून आनंद झाला. त्यांना माझं अभिनंदन सांग. किंवा नको सांगूस, तुला योग्य वाटेल तसं कर.

मला यायला जमणार नाही. शाळेत त्याच आठवड्यात प्रात्यक्षिकं आहेत आणि पदार्थविज्ञानाला माझ्याशिवाय कोणी नाही. अंकासाठी लिहायला बसले, पण इतक्या वर्षांनी काही सुचत नाही. माझ्यासाठी जागा अडवून ठेवू नका.

नोंदवहीचं काही आठवत नाही. तळघरात होती म्हणतोस, वाळवी लागली असेल.

एक सांगायचं होतं. रांजण बाहेरून हवा तेवढा घासा, पण जिच्या टोकाला स्फटिक आणि थर्मामीटर बसवलेत ती आतली दांडी बाहेर काढू नका. टोकाचे सांधे फार जुने आहेत, तारा तुटतील. थर्मामीटरला तर हातही लावू नका. जसा आहे तसा राहू दे.

आईचा गुडघा बरा आहे. ती तुझी आठवण काढते.

तुझी,
ठकू


११ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी लेथवर उभा राहून म्हातारा झालो असलो तरी खुळा झालेलो नाही. नऊ वह्या एका कपाटात, एकमेकींना चिकटून होत्या. आठींना सोडून तिसरीलाच लागणारी वाळवी मी अजून पाहिलेली नाही.

ग्रंथपालबाईंनी जुनी कार्डं उपसली. तिसरी वही नेल्याची तुझी सही आहे, परत केल्याची नाही. तारीख तू राजीनामा दिलास त्याच्या आदल्या दिवशीची.

सोमवारी एक पत्रकारबाई आल्या होत्या. त्यांनी कुठूनसा सुगावा काढला आहे की या शोधात एक बाई होती आणि तिचं नाव गाळलं गेलं. मला विचारलं, तुम्ही तिचे नातेवाईक ना? मी म्हटलं मामेभाऊ. पुढे काही बोललो नाही, पण शुक्रवारी त्या पुन्हा येणार आहेत.

ठकू, आता मला स्पष्ट सांग. थंडोबाने तुझं काम खाल्लं का? माझ्या मनात हे पूर्वीही येऊन गेलं होतं, पण तू काही बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही, ही माझी चूक. संस्थेत तुला आणलं मी. आत्याला शब्द दिला होता की मुलीकडे लक्ष ठेवीन. ती वही तू पुरावा म्हणून नेली असशील तर आज तिचा उपयोग आहे. काल त्याने मला जिन्यात थांबवून विचारलं, ठकूला कळवलंस का, येणार आहे का ती. मी घाईत असल्यासारखं दाखवून निघून आलो. त्याच्या तोंडाकडे बघवेना.

हो किंवा नाही, एवढं एका ओळीत लिही. हो असेल तर पत्रकारबाईंना सगळं सांगेन आणि सव्वीसला भर सभेत उभाही राहीन. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. माझं कोण काय वाकडं करणार.

दादा


१४ फेब्रुवारी

दादा,

त्या बाईंना एक अक्षर सांगू नकोस. शुक्रवारी हे पत्र हातात पडावं म्हणून शाळेच्या शिपाईमामांबरोबर मुद्दाम पाठवते आहे, ते तिकडेच येणार होते. तू विचारलंस त्याचं उत्तर नाही. त्यांनी माझं काही घेतलं नाही. नाव मीच काढायला लावलं.

फोनवर हे बोलता आलं नसतं. नीट सांगते.

त्या दिवशी दुपारी ते संचालकांकडे बैठकीला गेले होते. रांजणात गार करायचं द्रव हेलियम भरलेलं होतं, जेमतेम चार तास पुरेल एवढं. पुढचा साठा तीन आठवड्यांनी येणार होता. मी दांडी खाली सोडायला लागले आणि घाई केली. हळूहळू सोडायची असते, मी भराभर सोडली. थर्मामीटर तडकला. तुला आठवत असेल, तांदळाच्या दाण्याएवढा कार्बनचा तुकडा, त्याला चार तारा. ड्रॉवरच्या डबीत तसाच दुसरा होता, पण तो तपासलेला नव्हता. प्रत्येक थर्मामीटरचा स्वतःचा तक्ता असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही, हे मी तेव्हाही संस्थेतल्या नव्या मुलांना शिकवत होते. मी दांडी वर काढली, नवा जोडला, पुन्हा खाली सोडली, आणि जुन्याच तक्त्यावरून वाचायला लागले. मनात होतं की ते आले की सांगू. आजची फेरी नुसती सराव म्हणून धरू.

ते आले. मी तोंड उघडणार तोच यंत्र कागदावर आखत होतं ती रेघ एकदम खाली कोसळली. उष्णता अडली होती. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं. ते माझ्या खांद्याशी उभे राहून रेघेकडे बघत होते.

"तापमान?" त्यांनी विचारलं.

"दोन पूर्णांक तीन."

"नक्की?"

"नक्की."

हा दुसरा शब्द मी का बोलले ते मला आजही सांगता येत नाही. पहिला चुकीने गेला असं म्हणता येईल. दुसऱ्याला काही सबब नाही.

त्यानंतर तुम्ही सगळे वर्कशॉपमधून धावत आलात, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ठकूचा हात लागला की पुन्हा तपासायला नको. मग तर जीभच उचलेना. तीन आठवड्यांनी हेलियम आलं तेव्हा मी एकटीने तो थर्मामीटर तपासला. एक दशांश अंशाने जास्त दाखवत होता. खरा आकडा दोन पूर्णांक दोन. ते मी वहीत लिहिलं, तारीख घातली, सही केली. तोवर निबंध छापायला गेला होता.

त्याच आठवड्यात वर्कशॉपमागच्या जिन्यावर त्यांनी मला लग्नाचं विचारलं. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. मी उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी टेबलावर चिठ्ठी ठेवली की निबंधावरून माझं नाव काढा, मी जाते. आणि वही घेऊन गाडीत बसले.

वही आत्ताही माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. दादा, तुझ्या पाया पडते, सव्वीस तारीख जाऊ दे. त्यांना पदक घेऊ दे. मग मी काय ते करीन.

ठकू


१८ फेब्रुवारी

चि. ठकूस,

शिपाईमामांनी पत्र वेळेवर दिलं. पत्रकारबाईंना चहा पाजून परत पाठवलं. म्हटलं, बहिणीने स्वतःच्या मर्जीने नाव काढलं, यापलीकडे काही नाही. त्यांना पटलं असं दिसलं नाही.

त्याच दुपारी मी दांडी बाहेर काढली. तुझा विश्वास नव्हता असं नाही, पण वर्कशॉपचा माणूस मोजल्याशिवाय काही मानत नाही. शीतविभागातल्या ऑपरेटरला जुनी मैत्री सांगून तो थर्मामीटर नव्या यंत्रात बसवून घेतला. एक दशांश वर. तू लिहिलंस तेवढाच, केसभर इकडे तिकडे नाही.

आधी मी स्वतःची समजूत घातली. स्फटिक उष्णता अडवतो हे खरं आहे ना, ते तर जगभर लोकांनी करून पाहिलं. एक दशांशाने काय बिघडतं. अंगातला ताप मोजताना आपण तेवढं सोडून देतो. मग मला तो माणूस आठवला.

तू गेल्यावर सहा-सात वर्षांनी एक परका शास्त्रज्ञ आला होता, स्वतःच्या खर्चाने, हातात एक चामडी बॅग. त्याला त्याच्या प्रयोगशाळेत दोन पूर्णांक दोन मिळत होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की तुमचा थर्मामीटर एकदा माझ्याशेजारी ठेवून बघू. वर्कशॉपमध्येच उभे होते दोघं. थंडोबा हसून म्हणाला, "आमचा ठणठणीत आहे. तुमच्यालाच ताप असेल, औषध द्या." आम्ही सगळे हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. तो माणूसही थोडा हसला, बॅग उचलली आणि गेला. तो विनोद मग दरेक परिषदेत फिरला. पुढे ऐकलं की त्याच्याकडचे विद्यार्थी गळाले, त्याचं काम बंद पडलं. आणि आपल्याकडे नव्या यंत्रावर दोन पूर्णांक दोन आलं तेव्हा थंडोबा म्हणाला की नवा स्फटिक जास्त शुद्ध आहे, म्हणून फरक. कोणी पुढे विचारलं नाही.

म्हणून सव्वीसनंतर चालणार नाही, ठकू. पुरस्काराच्या मानपत्रात 'अचूक मापन' असे शब्द आहेत. ते वाचले जाताना मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवू का? आधी कळलं तर काय करायचं ते त्याच्या हातात राहील. नंतर कळलं तर आपण दोघांनी मिळून त्याला तिथे उभं केलं असं होईल.

मी त्याला आपण होऊन सांगणार नाही. ते तुझं आहे, माझ्या गळ्यात घालू नकोस. पण त्याने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. पितळेचा दोन कापून झाला, टिंबही झालं. तीन हातात घेतला की कानस चालत नाही.

आठ दिवस आहेत. त्यातले तीन टपालाचे धर.

दादा


२१ फेब्रुवारी

दादा,

आज त्यांना पत्र टाकलं. सोबत वही. पोस्टातल्या बाईंनी पाकिटात काय आहे विचारलं, म्हटलं जुनी वही. पावती घरी आणून वहीच्या जागी साड्यांच्या खाली ठेवली.

पत्रात फक्त काय झालं ते लिहिलं आहे. माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना ती देण्या-न देण्याचं आणखी एक काम झालं असतं.

त्या बॅगवाल्या माणसाचं मला माहीत नव्हतं. मी गेल्यापासून या विषयावरचं काही वाचलंच नाही. मला वाटायचं माझ्या चुकीने बिघडलं ते माझंच.

ठकू


२७ फेब्रुवारी

चि. ठकूस,

कालचं सगळं सांगतो.

तुझं पाकीट चोवीसला पोचलं. त्या दिवशी तो कोणाला दिसला नाही. पंचवीसला सकाळी वर्कशॉपमध्ये आला. पोरांना मी बाहेर पाठवलं, त्याने दार आतून लावलं. त्याच्या बगलेत वही होती. माझ्या स्टुलावर बसला.

"तू मोजलास?"

म्हटलं, हो.

"किती?"

"एक दशांश वर."

मान हलवली. मला वाटलं तुझ्याबद्दल काही बोलेल, बोलला नाही. उठताना म्हणाला, त्या माणसाला मी औषध घ्यायला सांगितलं होतं, तू होतास ना तेव्हा? म्हटलं, होतो, हसलोही होतो.

तिथून तो संचालकांकडे गेला. त्यांच्या केबिनचं दार जाड आहे, तरी बाहेर बसलेल्या टंकलेखकबाईंना ऐकू आलं. समारंभ पुढे ढकला, हा म्हणत होता. संचालकांचं म्हणणं, पाहुणे विमानातून उतरलेत, वेड लागलंय का, महिन्याभराने कुठल्यातरी नियतकालिकात दोन ओळींची दुरुस्ती छापून टाक, कोणाच्या लक्षातही यायची नाही. शेवटी निघताना संचालक त्याचा दंड धरून म्हणाले म्हणे, उद्या फक्त आभार मान. एवढं माझ्यासाठी कर.

काल सभागृह खच्चून भरलं होतं. पितळेचा तीन शेवटी मीच कापून भिंतीवर चढवला होता. मी पहिल्या रांगेत कडेला, त्याच्या बायकोच्या शेजारी. ती डॉक्टर आहे, शांत बाई. तिला ठाऊक होतं की नाही ते मला तोंडावरून कळेना. मानपत्र वाचलं गेलं. 'अचूक मापन' आलं, टाळ्या झाल्या, मी हात मांडीवर ठेवले. पदकाआधी त्याचं भाषण होतं. उभा राहिला. आभार मानले, संस्थेचे, समितीचे, वर्कशॉपचे. माझं नाव घेतलं, लोकांनी वळून पाहिलं. दहा मिनिटं झाली, गाडी आभारावरच. संचालक खुर्चीत सैल झाले. मलाही वाटलं, संपलं, नाही बोलत हा. खरं सांगतो, बरं वाटलं आणि त्याची शरमही वाटली.

मग त्याने हातातले कागद घडी करून खिशात ठेवले.

म्हणाला, "आत्ता वाचलेल्या मानपत्रात एक शब्द चुकला आहे. बाहेर भिंतीवरचा आकडाही चुकला आहे. थर्मामीटर तपासला नव्हता. तो तपासून घेणं माझं काम होतं. पंधरा वर्षांपूर्वी एकजण बरोबर आकडा घेऊन माझ्या दारात आला होता, त्याला मी हसून परत पाठवलं. समितीने मला पदक द्यावं की नाही हे आता ठरवावं. मी खाली बसतो." आणि खरंच खाली बसला.

संचालकांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही. समितीचे अध्यक्ष, वयस्क गृहस्थ, चष्मा काढून पुसत राहिले. मग शेजारच्या दोघांशी कुजबुजले. पाच मिनिटं गेली असतील, मला तास वाटला. शेवटी माइककडे येऊन म्हणाले की पुरस्कार शोधाला आहे, शोध उभा आहे, मानपत्र आम्ही दुरुस्त करून पाठवू. पदक दिलं. टाळ्या झाल्या, पण तुटक. काही जण उठून गेले. बाहेर आल्यावर आपल्याच संस्थेतले दोघे म्हणत होते की नाक कापलं संस्थेचं. मी ऐकलं, तेही एका परीने खरंच आहे.

तुझं नाव त्याने घेतलं नाही. ना सभेत, ना पत्रकारांपुढे. ती पत्रकारबाई चिकटली होती, तर म्हणाला, प्रयोगशाळा माझी होती.

आज त्याने माझ्याकडून तुझा पत्ता मागून घेतला. वर्षानुवर्षं मागितला नव्हता. रागावला आहे का, मला सांगता येत नाही. पत्ता लिहून घेताना पेन्सिलीचं टोक मोडलं एवढं खरं.

दादा


३ मार्च

ठकू,

'तुम्ही' लिहावं का यावर पहिला कागद फाडला. 'तू'च लिहितो.

मला राग आलेला आहे, तो आधी लिहून टाकतो. तू चूक केलीस याचा नाही. थर्मामीटर माझ्याही हातून तडकले आहेत. तू मला एकवीस वर्षं सांगितलं नाहीस याचा आहे. त्या दुपारी सांगितलं असतंस तर आपण तीन आठवडे थांबलो असतो आणि पुन्हा मोजलं असतं. इतकंच झालं असतं. त्या तीन आठवड्यांच्या बदल्यात काय काय गेलं ते मी तुझं पत्र आल्यापासून मोजतो आहे.

आता माझा भाग. नव्या यंत्रावर दोन पूर्णांक दोन आलं त्या दिवशी मला संशय आला होता. जुना थर्मामीटर तळघरात होता, काढून पाहायला एक दिवस लागला असता. मी पाहिलं नाही. स्वतःला सांगितलं की तो तू बसवला आहेस, पुन्हा तपासायला नको. खरी गोष्ट अशी की मला पाहायचं नव्हतं. तेव्हा चूक वाटून घ्यायची झाली तर माझा वाटा मोठा आहे.

आणि तू का गेलीस याबद्दल मी काय समजत होतो तेही सांगतो. मला वाटलं, जिन्यावर मी जे विचारलं त्याने तू अवघडलीस. नाही म्हणणं जड गेलं म्हणून नावासकट निघून गेलीस. नोकरीसुद्धा सोडावी लागावी इतकं मी तुला कोंडीत पकडलं, याची मला फार लाज वाटली. म्हणून पत्ता मागितला नाही. तुझ्या नकाराचा मान ठेवायचा, एवढं एक तरी नीट करू असं ठरवलं होतं.

काल त्या माणसाला फोन केला. त्याचा नंबर शोधायला दोन दिवस गेले. पदार्थविज्ञान सोडून त्याला अकरा वर्षं झाली, वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासणीचं काम बघतो. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "लेखी द्या. ज्या नियतकालिकात तुमचा निबंध आला त्यातच. आकडा कोणाचा बरोबर होता ते नावानिशी." आणि फोन ठेवला. मला क्षमा वगैरे केली नाही. का करावी?

तर ते लेखी द्यायचं आहे. एकवीस वर्षांपूर्वीच्या नोंदीवर मी दुरुस्ती छापणार नाही. रांजणातला तो थर्मामीटर पुन्हा मोजायचा, जुना स्फटिकही. हेलियम बारा तारखेला येतं. मोजणी तू करायचीस. दुरुस्तीवर तुझं नाव पहिलं, माझं दुसरं, आणि या वेळी ते काढायचं नाही. झालेलं लपवलंस तर ते सांगतानाही तूच हवीस. हे तुला कठोर वाटेल. मला दुसरं काही न्यायाचं सुचत नाही.

हे पत्र माझ्या बायकोने वाचलं आहे. ती म्हणते, लॉजवर उतरू देऊ नका, आपल्याकडे खोली आहे. तुझ्या आई एकट्या राहू शकत नसतील तर त्यांनाही आण.

वाट पाहतो.


७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

त्यांना आत्ताच उत्तर पाठवलं. येते म्हणून कळवलं. मुख्याध्यापिकांकडे एक आठवड्याची रजा मागितली. कारण विचारलं तर सांगितलं, मी एकदा चुकीचं मोजलं होतं, ते दुरुस्त करायला जाते आहे. त्या म्हणाल्या, शाळेतलं? म्हटलं, नाही, त्याच्या आधीचं. अर्जावर 'खाजगी काम' असं लिहून त्यांनी सही केली.

आईला सगळं सांगितलं. लग्नाचं सोडून. ती म्हणाली, म्हणून तू कधी कोणाच्या घरी मोकळी हसली नाहीस. ती मावशीकडे राहील.

मला भीती वाटते आहे. संस्थेतले लोक बघतील, जे उठून गेले ते तर बघतीलच. तो बॅगवाला माणूस वाचेल. हाताला इतक्या वर्षांत सवय राहिलेली नाही, तारांना डाग देताना तू शेजारी थांब. पण घाई करायची नाही. दांडी सोडायला अख्खा दिवस लागला तरी चालेल.

एक गोष्ट मी त्यांना लिहिली नाही. माझ्या नकाराचा त्यांनी इतकी वर्षं मान ठेवला असं ते लिहितात. दादा, माझा नकार नव्हता. जिन्यावर त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर हो होतं. हो म्हणण्याआधी खरं सांगायचं होतं, आणि खरं सांगवेना, म्हणून हो राहून गेलं.

हे त्यांनी चुकीचं समजून घेतलं, आणि ही एकच चूक मी दुरुस्त करणार नाही. आठवडाभर मी त्यांच्या घरी राहणार आहे, त्या बाईंच्या हातचं जेवणार आहे. त्या बाईंनी नवऱ्याचं ते पत्र वाचून मला घरात बोलावलं. तूही कधी बोलू नकोस. तुला एवढ्यासाठी सांगितलं की कुठेतरी एका माणसाला तरी ते ठाऊक असावं.

अकरा तारखेला सकाळी साडेसहाला गाडी पोचते. घ्यायला ये.

तुझी,
ठकू